माणसे कोणाची, मुलूख कोणाचा: अमेरिकेतील वसाहतींच्या गव्हर्नरांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही सतराव्या शतकातील उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वसाहतींची ओळख करून दिली होती. १६२० ची प्लिमथ, १६३० मध्ये लोकांनी भरू लागलेली मॅसॅच्युसेट्स, तिच्यातून फुटलेल्या कनेटिकट, न्यू हेवन व ऱ्होड आयलंड, आणि हडसन नदीवरची डचांची न्यू नेदरलँड. या वसाहतींचे गव्हर्नर एकमेकांशी कसे वागत, याबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न: एवढा अफाट मुलूख पुढ्यात पडलेला असताना हे गव्हर्नर आपसांत भांडत कशासाठी होते? (वाचक, म्हापसा)

पहिली गोष्ट, मुलूख रिकामा नव्हता. तिथे मूळचे लोक शेती करत होते, मासेमारी करत होते. १६१६ नंतरच्या साथींनी किनाऱ्यावरची गावेच्या गावे ओस पडली होती, म्हणून येणाऱ्यांना तो रिकामा दिसला.

दुसरी गोष्ट, वसाहतवाल्याला जंगल नको होते. गुरांसाठी गवताची कुरणे, होडी लागेल अशी नदी आणि बंदर हवे होते, आणि अशा जागा मोजक्याच. तरीही गव्हर्नरांच्या पत्रव्यवहारात सर्वांत जास्त चिंता दिसते ती जमिनीची नव्हे, माणसांची. १६३० ते १६४० या दहा वर्षांत न्यू इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोक आले. जुने रहिवासी त्यांना गुरे आणि धान्य विकत आणि त्या पैशांतून इंग्लंडचा माल घेत. १६४० मध्ये इंग्लंडात राजा आणि संसद यांचे बिनसले, तिथेच सुधारणा होईल असे लोकांना वाटू लागले आणि येणाऱ्यांचा ओघ आटला. लगेच भाव कोसळले. जी गाय वर्षापूर्वी २० पौंडांना जात होती ती ४-५ पौंडांना मिळू लागली, असे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने नोंदवून ठेवले आहे.

म्हणून कोणी आपली माणसे दुसरीकडे बोलावली की विन्थ्रॉप अस्वस्थ होई. लॉर्ड से हा इंग्लंडातला बडा सरदार कॅरिबियनमधल्या प्रॉव्हिडन्स बेटासाठी न्यू इंग्लंडमधूनच माणसे खेचत होता. यावर दोघांमध्ये बरीच कडवट पत्रे गेली. १६४१ मध्ये काही जण निघालेही. पण ते पोचण्यापूर्वी स्पॅनिश लोकांनी बेट जिंकले होते. किल्ल्यावरून तोफा सुटल्या आणि जहाजाचा कप्तान विल्यम पीअर्स ठार झाला.

प्रश्न: एकाच धर्माचे, एकाच राजाचे दोन गव्हर्नर एकमेकांविरुद्ध गेल्याचे ठळक उदाहरण द्याल का? (शिक्षक, डिचोली)

कनेटिकट नदीचे प्रकरण यासाठी सर्वांत बोलके आहे. त्यात तीन सत्तांचे गव्हर्नर गुंतले होते.

जुलै १६३३ मध्ये प्लिमथचा गव्हर्नर एडवर्ड विन्स्लो आणि त्याच्या आधीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड हे बोस्टनला विन्थ्रॉपकडे गेले. कनेटिकट नदीवर बीव्हरच्या कातड्यांचा व्यापार दोघांनी मिळून करावा, हा त्यांचा प्रस्ताव. विन्थ्रॉपने नकार दिला. कारणे त्याने लिहून ठेवली आहेत: काठावर तीन-चार हजार लढाऊ लोक आहेत, नदीच्या मुखावर वाळूची पट्टी असून भरतीलाही तिथे सहाच फूट पाणी, आणि बर्फ व ओढ यांमुळे वर्षातले सात महिने नदी बंद. थोडक्यात, जागा वसाहतीला योग्य नाही.

प्लिमथने एकट्यानेच जायचे ठरवले. पण डच तिथे आधीच पोचले होते. न्यू नेदरलँडचा प्रमुख व्हान ट्विलर याच्या हुकमाने आजच्या हार्टफर्डच्या जागी दोन तोफांची गढी उभी राहिली होती. प्लिमथच्या विल्यम होम्सने मग एक युक्ती केली. घराची लाकडी चौकट घरीच कापून, सांधे जुळवून तयार केली, मग सुटी करून गलबताच्या तळात रचली. सोबत फळ्या, खिळे, सगळे. गढीवरून दरडावले गेले, थांबा नाहीतर तोफ डागू. होम्सने सांगितले की आपल्या गव्हर्नरचा वर जाण्याचा हुकूम आहे, आणि तो पुढे निघून गेला. तोफ उडाली नाही. आजच्या विंडसरपाशी घर झटपट उभे केले, भोवती लाकडी कुंपण घातले. नंतर डचांचे सत्तरेक लोक निशाण फडकवत आले, कुंपण पाहून बोलणी केली आणि परतले. रक्त सांडायची कोणाचीच तयारी नव्हती.

इथला एक बारकावा लक्षात घ्या. डचांनी जमीन पेक्वॉट लोकांकडून घेतली होती. प्लिमथने ती घेतली पेक्वॉटांनी हुसकावलेल्या जुन्या नायकांकडून, आणि त्यांना आपल्या गलबतातून परत नेले. म्हणजे एकाच नदीकाठाची दोन खरेदीखते आणि विकणारेही दोन. पुढच्या कित्येक तंट्यांचे मूळ हेच आहे.

याच सुमारास विन्थ्रॉपनेही व्हान ट्विलरला पत्र पाठवले, की हा प्रदेश इंग्लंडच्या राजाने आपल्या प्रजेला दिला आहे. उत्तर फार सभ्य आले: आपले राजे आणि आमची संसद ठरवतील, तोवर आपण थांबावे.

थांबले कोणीच नाही. ‘वसाहतीला अयोग्य’ ठरवलेल्या त्याच जागी १६३५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या डॉर्चेस्टर गावचे लोक येऊन बसले, तेही प्लिमथने विकत घेतलेल्या जमिनीवर. त्यांनी हिशेबात मोठी चूक केली. निघायला उशीर केला आणि शिधा समुद्रमार्गे मागून येईल यावर भिस्त ठेवली. नदी १५ नोव्हेंबरलाच गोठली. सत्तर जण शिधा शोधत नदीच्या मुखापर्यंत चालत आले आणि मिळेल त्या गलबताने बोस्टनला परतले. गुरांचे नुकसान सुमारे २,००० पौंडांचे. तरी वसंतात ते पुन्हा गेले. प्लिमथने तक्रारीची पत्रे लिहिली. अखेर तडजोड झाली ती अशी, की प्लिमथने घर आणि जमिनीचा सोळावा हिस्सा ठेवावा, बाकी सगळी डॉर्चेस्टरवाल्यांना, आणि खरेदीचा खर्च त्यांनी आपल्या वाट्याप्रमाणे भरून द्यावा. प्लिमथकडे माणसे कमी होती, म्हणून कागद हाती असूनही जमीन गेली.

पाद्री थॉमस हूकरचे लोक मात्र नीट तयारीने गेले. त्यांनी १६३४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायसभेकडे जाण्याची रीतसर परवानगी मागितली होती. प्रतिनिधींपैकी १५ अनुकूल, १० विरुद्ध, पण न्यायाधिकाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी अडवले. गुरांना चारा पुरत नाही, हे हूकरच्या लोकांनी जाण्यासाठी दिलेले मुख्य कारण. शेवटी ३१ मे १६३६ ला सुमारे १०० माणसे आणि १६० गुरे रानातून निघाली. हूकरची बायको आजारी होती, तिला घोड्यांच्या डोलीतून नेले. वाटेत सगळे गाईंच्या दुधावर राहिले.

या सगळ्या देवघेवीत पेक्वॉटांना कोणी विचारले नाही. १६३७ च्या मे महिन्यात इंग्रजांनी आणि त्यांच्या मित्र टोळ्यांनी मिस्टिकची वस्ती जाळली, त्यात शेकडो माणसे, बायका-मुलांसकट, मेली. नदीकाठ ‘सुरक्षित’ झाला तो असा.

प्रश्न: साध्या माणसाला एका वसाहतीतून दुसरीत जायचे तर परवानगी लागे का? (वाचक, फोंडा)

लागे, आणि ती एकाच ठिकाणची नव्हे. जुन्या गावच्या चर्चकडून सोडचिठ्ठीचे पत्र घ्यावे लागे. ते नसेल तर नव्या गावचे चर्च सामावून घेत नसे, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून चर्चच्या सभासदाशिवाय कोणाला मत नव्हते. मग नव्या गावच्या सभेने घरासाठी तुकडा मंजूर करायचा. करारावरच्या नोकराला, म्हणजे बहुधा चार ते सात वर्षे बांधलेल्याला, मुदत संपेपर्यंत हलता येत नसे.

मे १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने आणखी कडक कायदा केला. नव्याने आलेल्या माणसाला मंडळाच्या एका सभासदाच्या किंवा दोन न्यायाधिकाऱ्यांच्या सहीशिवाय तीन आठवड्यांहून जास्त ठेवायचे नाही. ठेवणाऱ्याला ४० पौंड दंड, पुढे दर महिन्याला २० पौंड. जमीन किंवा घर देणाऱ्या गावाला १०० पौंड. धर्ममतांच्या भांडणात विरोधी पक्षाची माणसे जहाजाने येत होती, त्यांना अडवणे हा उघड हेतू. आधीचा गव्हर्नर हेन्री व्हेन याने याविरुद्ध लिहिले, विन्थ्रॉपने समर्थन केले. दोघांची लिखाणे आजही उपलब्ध आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत.

हद्दपाराचे काय होई, ते रॉजर विल्यम्सच्या उदाहरणात दिसते. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायसभेने त्याला १६३५ मध्ये घालवून दिले, तेव्हा गव्हर्नर होता जॉन हेन्स. विन्थ्रॉपने मात्र खाजगीत कळवले, नॅरागॅन्सेट उपसागराकडे जा. विल्यम्सने सीकाँकला घर बांधायला घेतले, पेरणी केली. मग प्लिमथच्या गव्हर्नरचे, विन्स्लोचे, पत्र आले: तुम्ही आमच्या हद्दीत आहात, मॅसॅच्युसेट्सला दुखवायची आमची इच्छा नाही, तेवढे पाणी ओलांडून पलीकडे जा, मग तुम्ही आमच्याइतकेच मोकळे आणि आपण चांगले शेजारी. विल्यम्सचे त्या वर्षाचे पीक गेले, पण पलीकडे प्रॉव्हिडन्स वसले. आणि तो हेन्स? तोही पुढे कनेटिकटला गेला आणि १६३९ मध्ये तिथला पहिला गव्हर्नर झाला.

प्रश्न: नव्या गावात जमीन कशी वाटत? आपल्या गोव्यातल्या गावकरीसारखे (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेसारखे) काही होते का? (वाचक, साखळी)

वरवर साम्य आहे. स्प्रिंगफील्डचे बघा. १४ मे १६३६ ला विल्यम पिंचन आणि इतर सात जणांनी करार केला: गाव ४० कुटुंबांचे, फार तर ५० चे. प्रत्येकाला घराचा तुकडा, शेताचा वाटा, कुरणाचा वाटा. जुलैमध्ये मूळ मालकांकडून जमीन घेतली ती १८ वाव लांब शिंपल्यांच्या मण्यांच्या माळा, १८ डगले, १८ कुऱ्हाडी, १८ कुदळी आणि १८ सुऱ्या देऊन.

आमच्या गावकरीत, जिचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालमध्ये (सनदेत) नोंदवले, जमीन गावाची राही. ती लिलावाने कसायला दिली जाई, सरकारचा खंड भागवून उरे त्यातून गावकारांना जोण, म्हणजे नफ्याचा वाटा, मिळे. न्यू इंग्लंडमध्ये वाटलेला तुकडा त्या घराच्या मालकीचा झाला, तो विकता येई. सामाईक कुरण राहिले तेही पुढच्या पिढ्यांनी वाटून संपवले. म्हणून नव्या माणसांना पुन्हा नवी जमीन लागे, आणि पुन्हा शेजारच्या गव्हर्नरशी तंटा.

स्प्रिंगफील्डवरूनही तो झाला. गाव कनेटिकट नदीवर, पण १६३८ मध्ये त्याने स्वतःला मॅसॅच्युसेट्सला जोडून घेतले. कनेटिकटने नदीच्या मुखावर सेब्रुकच्या किल्ल्यासाठी जकात बसवली, धान्याच्या बुशेलला दोन पेन्स, बीव्हरच्या पिंपाला २० शिलिंग. स्प्रिंगफील्डने देण्याचे नाकारले. तेव्हा १६४९ मध्ये मॅसॅच्युसेट्सने इतर वसाहतींच्या मालावर बोस्टनमध्ये जकात लावून उलट टोला दिला.

प्रश्न: पळून गेलेल्या नोकरांबद्दल गव्हर्नरांमध्ये काही करार होते का? (वकील, मडगाव)

होते, आणि ते फार नेमके होते. मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ, कनेटिकट आणि न्यू हेवन यांनी मे १६४३ मध्ये संघ केला. प्रत्येकाचे दोन प्रतिनिधी, आठांपैकी सहांचे मत लागे. ऱ्होड आयलंडला मुद्दाम बाहेर ठेवले. संघाच्या कराराच्या आठव्या कलमानुसार, पळालेला नोकर ज्या वसाहतीतून आला तिथल्या एका न्यायाधिकाऱ्याचा दाखला आणला की परत द्यायचा. तुरुंगातून पळालेल्यासाठी दोन न्यायाधिकाऱ्यांचा दाखला.

डचांशी असे काही नव्हते, म्हणून तिथे भडका उडाला. १६४७ मध्ये न्यू नेदरलँडचा नवा प्रमुख पीटर स्टायव्हेसंट याने न्यू हेवनला विकलेल्या एका जहाजात सैनिक दडवून पाठवले आणि तिथल्याच बंदरातून, जकात चुकवल्याच्या आरोपावरून, एक डच व्यापारी जहाज ओढून नेले. न्यू हेवनचा गव्हर्नर थिओफिलस ईटन भडकला. त्यानंतर डच कंपनीचे नोकर पळून न्यू हेवनला आले तेव्हा त्याने ते परत दिले नाहीत. स्टायव्हेसंटने जाहीरनामाच काढला, की न्यू हेवनहून कोणीही पळून आला, नोकर असो, गुलाम असो, कर्जदार असो, तो इथे मोकळा. यावर बाकीचे इंग्रज गव्हर्नरही घाबरले, कारण असा जाहीरनामा चालू राहिला तर कोणाचाच नोकर टिकणार नाही. स्टायव्हेसंटला स्वतःची माणसे परत मिळवायची होती. त्याने त्यांना गुपचूप माफीचे वचन देऊन बोलावून घेतले. पळालेल्यांच्या बाबतीत कोणत्या बाजूने ताणले तर काय तुटते, हे या एका प्रसंगातून स्पष्ट होते.

सप्टेंबर १६५० मध्ये हार्टफर्डला तह झाला. डचांच्या बाजूने स्टायव्हेसंटने नेमलेले दोन्ही पंच, थॉमस विलेट आणि जॉर्ज बॅक्स्टर, इंग्रज होते. लाँग आयलंडवर ऑयस्टर बेच्या पश्चिम टोकापासून सरळ समुद्रापर्यंत रेघ आली. मुख्य भूमीवर ग्रिनिच उपसागराच्या पश्चिमेकडून, स्टॅमफर्डपासून सुमारे चार मैलांवरून, उत्तरेकडे वीस मैल, पण हडसन नदीपासून दहा मैलांच्या आत यायचे नाही. पळालेल्यांबाबत इंग्रजांच्या आपसांतला नियमच डचांनाही लागू केला. हॉलंडने तहाला १६५६ मध्ये मान्यता दिली, इंग्लंडने कधीच दिली नाही. आमच्या मते तह फसण्याचे खरे कारण तेच आहे.

प्रश्न: छळ झालेल्यांना एखाद्या गव्हर्नरने मुद्दाम आसरा दिला का? (वाचक, पेडणे)

दिला. अंत्रुज महालाने (आजच्या फोंड्याने) साष्टीतून आलेल्या देवांना आणि कुळांना जागा दिली, हे तुमच्या-आमच्या घरातले आहेच, म्हणून हा प्रश्न पेडण्याहून यावा याचे नवल नाही.

१६५७ मध्ये संघाने ऱ्होड आयलंडला लिहिले, क्वेकर पंथीयांना हाकला. तिथला अध्यक्ष बेनेडिक्ट आर्नल्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कळवले की केवळ बोलण्याबद्दल शिक्षा करणारा कायदा आमच्याकडे नाही, आणि जिथे त्यांना नुसत्या वादाने उत्तर मिळते तिथे यायची त्यांना फारशी हौसही नसते. मॅसॅच्युसेट्सने क्वेकर आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला १०० पौंड दंड लावला होता. तरी तिथेच ते पुन्हा पुन्हा जात, आणि चौघांना फाशी झाली.

मेरीलँडचे वेगळे. तिथल्या कॅथलिक मालकाने विल्यम स्टोन या प्रॉटेस्टंटाला गव्हर्नर नेमले, कारण त्याने ५०० माणसे आणायचे कबूल केले होते. व्हर्जिनियाचा गव्हर्नर बर्कली प्युरिटनांना, म्हणजे कडव्या सुधारणावादी प्रॉटेस्टंटांना, छळत होता. स्टोनने १६४९ मध्ये त्यांना बोलावून सेव्हर्न नदीवर वसवले. याच माणसांनी मार्च १६५५ मध्ये स्टोनचाच लढाईत पराभव केला. माणसे आणली, पण सत्तेत वाटा किती ते आधी ठरवले नव्हते.

प्रश्न: त्याच काळात गोव्याच्या विजरईला (पोर्तुगीज व्हाइसरॉयला) असा प्रश्न पडला होता का? (वाचक, काणकोण)

हो, तुमच्या समोरच्याच अंजदीव बेटाशी त्याचा संबंध आहे. १६६१ च्या तहाने मुंबई इंग्रजांना द्यायची होती. सर अब्राहम शिपमन १६६२ मध्ये सुमारे ४०० सैनिक घेऊन आला. विजरई आंतोनियो द मेलो इ काश्त्रू याने ताबा नाकारला. सैनिक अंजदीववर अडकले, बहुतेक मेले, शिपमनही १६६४ मध्ये तिथेच वारला. उरलेल्यांचा प्रमुख हम्फ्री कूक याने जानेवारी १६६५ मध्ये विजरईच्या अटींवर सही केली. त्यांत एक अट होती, की पोर्तुगीज गावांतले कुणबी, भंडारी वगैरे मुंबईत आले तर ठेवून घ्यायचे नाहीत, मालकांना परत द्यायचे. हार्टफर्डसारखीच अट, फक्त शेत-माड कसणारी माणसे राखण्यासाठी. इंग्लंडच्या दरबाराने कूकच्या अटी मानल्या नाहीत.

प्रश्न: प्रकल्पासाठी जुनी पत्रे वाचत आहे. एकाच घटनेच्या दोन तारखा दिसतात, चूक कोणाची? (विद्यार्थिनी, पणजी)

चूक बहुधा कोणाचीच नाही. इंग्रज १७५२ पर्यंत जुनी (ज्युलियन) कालगणना वापरत, हॉलंड प्रांत आणि पोर्तुगाल नवी (ग्रेगोरियन). सतराव्या शतकात फरक दहा दिवसांचा. न्यू ॲमस्टरडॅम सोडण्याच्या अटी इंग्रजी कागदांत २७ ऑगस्ट १६६४, म्हणजे डच कागदांत ६ सप्टेंबर. गोव्याची पोर्तुगीज पत्रे आणि मुंबईची इंग्रजी पत्रे जुळवतानाही हेच करा.

दुसरा फास वर्षाचा. इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारी १६३५ असे लिहिलेले पत्र आपल्या हिशेबाने १६३६ चे असू शकते. कडवे प्युरिटन महिन्यांची नावे टाळून आकडे घालत आणि मार्चला पहिला महिना म्हणत. तेव्हा ‘आठवा महिना’ म्हणजे ऑक्टोबर. वहीत तीन रकाने पाडा: मूळ तारीख जशी आहे तशी, लिहिणारा कोणत्या वसाहतीचा, आणि शेवटी नव्या गणनेची तारीख. मूळ तारीख कधीही खोडू नका.